गोदामातील बैल काम करत नाही

जपूनताईला हे नाव कारखान्यातल्या लोकांनी दिलं आणि ते इतकं चिकटलं, की हजेरीपटावर तिचं खरं नाव दिसलं की नवा माणूस विचारायचा, ही कोण बाई? शिड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळत होती. येणारा कागद, जाणारा कागद, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. कोणी म्हणालं, आता याचं काही काम नाही, फेकून द्या, तर ती म्हणायची, "असू दे, जपून ठेवते." पाकिटांवरचे दोरे ती जपून ठेवायची. संपलेल्या पेनांची टोपणं जपून ठेवायची. एकदा साहेबांनी रागाने चुरगाळून टाकलेला राजीनामा तिने इस्त्री करून जपून ठेवला होता आणि महिनाभराने साहेबांनी तो मागून घेऊन फाडला होता.

तिची खोली तळमजल्यावर, जिना आणि पाण्याची टाकी यांच्या मधे. खिडकीतून चाचणीचं अंगण दिसायचं. तिथे एक चाचणीवाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नव्या शिड्या तपासायचा. दहा पायऱ्या चढायचा, वर उभा राहून दोनदा उड्या मारायचा, उतरायचा, शिडीवर खडूने बरोबरची खूण करायचा आणि पुढची शिडी. वीस वर्षांत तो एव्हाना ढगांत पोचायला हवा होता, पण होता तिथेच होता.

कागदांच्या जागी ई-मेल आली तेव्हा लोकांना वाटलं, आता जपूनताईचं कसं होणार. तिचं उलट छान झालं. कारखान्यातल्या प्रत्येक मेलची एक प्रत आवक-जावकच्या पेटीत यायची, अशी व्यवस्था होती. बाकीचे लोक मेल वाचून काढून टाकायचे. जपूनताईने एकही काढली नाही. कपाट भरतं, पण ही पेटी भरलेली दिसत नाही, हे तिच्या लक्षात आल्यावर तर तिला रान मोकळं झालं. बावीस वर्षांत एक लाख अठरा हजार मेल साठल्या. त्यात "चहा झाला का" अशाही होत्या आणि "झाला" अशाही होत्या.

आता तिच्या घरची गोष्ट सांगायला हवी, कारण ती घरापुरती नव्हती. तिचा नवरा त्याच कारखान्यात गोदामपाल होता आणि धाकटा भाऊ देखभाल विभागात होता. दिवे, पंखे, पंप, जिथे म्हणून वायर जाते तिथे भाऊ जायचा. या मेव्हण्या-दाजींचं एके काळी इतकं गूळपीठ होतं, की जपूनताईला कधी कधी वाटायचं, आपलं लग्न या दोघांची गाठ पडावी म्हणूनच झालं. आपण आपल्या मधल्या मधे. एका डब्यात जेवायचे, एका सायकलवरून यायचे, आणि सायकल पंक्चर झाली तर एकमेकांना दोष न देता चालत यायचे.

नऊ वर्षांपूर्वी ती सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर गेली. परत आली तो या दोघांचं बोलणं बंद.

नवऱ्याचं म्हणणं असं, की भावाने त्याला बैल म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, मेलमधे लिहिलं, आणि सगळ्या विभागांना प्रत पाठवली. चहाच्या वेळी सगळे दात काढत होते. बरं, तोंडावर जाऊन विचारलं तर नाही म्हणावं, तर तोंडावरही कबूल झाला. ती मेल नवऱ्याने संतापाने तिथल्या तिथे काढून टाकली होती.

भावाचं म्हणणं असं, की त्याने आयुष्यात कोणाला बैल म्हटलेलं नाही. दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि त्यांनी आधी माफी मागावी.

जपूनताईने तेव्हाही आपल्या पेटीत ती मेल शोधायला घेतली होती. शोधायच्या चौकटीत शब्द टाकला, तर पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. ती जेवून आली, चक्र फिरत होतं. घरी जाताना पाहिलं, फिरत होतं. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्या बाईने बटण बंद केलं म्हणून ते थांबलं. पुन्हा तिने तो नाद केला नाही.

मग नऊ वर्षं दोघे तिच्या मार्फत बोलले. "तुझ्या नवऱ्याला सांग." "तुझ्या भावाला विचार." रविवारी भाऊ जेवायला यायचा तो बरोबर अकराला, आणि नवरा केस कापायला बाहेर पडायचा तोही बरोबर अकराला. त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण न्हाव्याकडे तो नेमाने जायचा आणि तासभर पेपर वाचत बसायचा. भाऊ जेवून गेला की नवरा यायचा. जपूनताई एकाच रविवारी दोनदा पानं वाढायची, आणि स्वतः कोणाबरोबर जेवायचं हा प्रश्न नको म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच खायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका सोमवारी तिच्या संगणकावरची मेलची पेटी उघडेनाच.

आधीही ती उघडायला वेळ घ्यायची. सकाळी बटण दाबायचं, चहा घ्यायचा, टपाल लावायचं, मग ती हळूहळू उघडायची. त्या सोमवारी दुपार झाली तरी पडदा पांढरा फटक. आणि नेमकी त्याच दिवशी एका ग्रंथालयाची तक्रार आली होती, की आम्ही नऊ पायऱ्यांची शिडी मागवली, तुम्ही आठ पायऱ्यांची पाठवली, आता आमच्या वरच्या फळीवरची पुस्तकं कोणी वाचायचीच नाहीत का? साहेबांची पक्की खात्री होती की ग्रंथालयाने आठच मागितल्या होत्या. त्यांना ती जुनी मेल हवी होती, आणि आत्ता हवी होती.

संगणक दुरुस्तीवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, चहा नको म्हणाल्या, आणि दोन तास पडद्याकडे बघून मान हलवत बसल्या. मग म्हणाल्या, "मेल सगळ्या शाबूत आहेत. कपाटाचं दार मोडलंय फक्त. एवढ्या वजनाला हे दार टिकणार नव्हतंच. तुम्हाला खिडकी देते."

खिडकी म्हणजे एक काळी चौकट. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, काही नाही. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ पापणी लवावी तशी उघडझाप करत होती. जपूनताईने विचारलं, यात दाबायचं कुठे? बाई म्हणाल्या, दाबायचं नाही, लिहायचं. आधी 'शोध' असा शब्द, मग एक जागा मोकळी, मग जे हवं ते. आणि एंटर.

जपूनताईने चष्मा पुसला आणि पहिला शब्द टाकला: शोध शिडी.

एंटर मारल्याबरोबर चौकटीत ओळींचा पूर आला. खालून वर, खालून वर, नुसत्या ओळी धावत सुटल्या. जपूनताई खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. तिला वाटलं, आपण काहीतरी फोडलं. बाईंनी शांतपणे कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबली, पूर थांबला.

"शिड्यांच्या कारखान्यात शिडी शोधू नये," बाई म्हणाल्या. "जे सगळीकडे असतं ते शोधून हाती काही लागत नाही. वेगळं काय आहे ते शोधा."

तिने ग्रंथालय शोधलं. अकरा ओळी आल्या. पापणी लवायच्या आत. बावीस वर्षांच्या ढिगातून अकरा ओळी, नीट तारखेवार, जणू त्या दाराशी ताटकळत उभ्याच होत्या. त्यातली चौथी ग्रंथालयाची मागणी होती, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: नऊ पायऱ्या.

साहेबांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "सापडली नसती तरी चाललं असतं." आणि नववी पायरी बसवून द्यायला सांगून निघून गेले.

बाईंनी जाण्याआधी आणखी थोडं शिकवलं. कोणी लिहिली ते माहीत असेल तर आधी 'फ्रॉम' लिहायचं, पुढे दोन ठिपके, मग त्या माणसाचं नाव. तारीख माहीत असेल तर तसंच तारखेचं. शेवटी एक खूण टाकली तर मेल न दिसता त्यांचा नुसता आकडा दिसायचा. ते दोन ठिपके बघून जपूनताई म्हणाली, हा तर विसर्ग. बाई म्हणाल्या, विसर्ग म्हणा, पण त्याच्यानंतर जागा सोडू नका, तो शब्दाला चिकटलेला लागतो. जपूनताईने वहीत लिहून घेतलं: 'विसर्ग विसरू नये. विसर्गाला मोकळं सोडू नये.'

पहिला आठवडा तिने जागा सोडण्यातच घालवला. पण दुसऱ्या आठवड्यात हात बसला, आणि मग काय, वाघिणीला रक्ताची चटक लागली म्हणावं तसं झालं. टेबलाशी कोणी काही म्हणालं, की ती मान तिरकी करून चौकटीकडे वळायची आणि टकटक सुरू. खरेदीवाले म्हणाले, पंखा मीच आधी मागितला होता. तिने दाखवलं, तुम्ही तिसरे. विक्रीवाले म्हणाले, मी कधी रजा घेत नाही. तिने एकशे सहा मेल दाखवल्या, त्यातल्या चौदा आजीच्या आजारपणाच्या, आणि हिशेब बघितला तर आज्या निदान पाच निघत होत्या.

साहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "उद्या कळवतो." एका रिकाम्या दुपारी तिने शेवटची खूण टाकून त्याचा आकडा काढला. तीनशे बारा. मग 'कळवत आहे' शोधलं. चार. त्यातल्या दोन, उद्या कळवतो हे कळवत आहे, अशा होत्या.

पण सगळंच असं पितळ उघडं पाडणारं नव्हतं. चाचणीवाला एकदा खिडकीशी आला आणि संकोचून म्हणाला, मी खूप वर्षांपूर्वी खाली टाकायला गादी मागितली होती, पडलो तर म्हणून, त्याचं काय झालं ते बघाल का. तिने बघितलं. आठ वर्षांपूर्वी गादी मंजूर झाली होती. मंजुरीची मेल सगळ्यांना गेली होती. चाचणीवाल्याकडे संगणकच नव्हता, त्यामुळे एकट्या त्यालाच ती गेली नव्हती. गुरुवारी गादी आली. आनंदाने तो त्या दिवशी मुद्दाम दोनदा पडला.

एवढं सगळं शोधून झालं, पण एक शब्द तिने टाकला नव्हता. तीन आठवडे झाले, चार झाले. रोज सकाळी काळी चौकट उघडली की तो शब्द बोटांपर्यंत यायचा आणि ती दुसरंच काही तरी शोधायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्या मेलही सव्वा लाखाच्या घरात होत्या. मूठ उघडली आणि भावाने खरंच लिहिलेलं निघालं तर? आत्ता निदान प्रत्येकाला आपापलं खरं वाटत होतं. आणि नाहीच सापडली, तर नवरा खोटा. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर हातात वाढायचा चमचा घेऊन ही उभी.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नवरा तिच्या खोलीत चष्मा न्यायला आला, आणि त्याच वेळी भाऊ दारात येऊन उभा राहिला. दोघांच्या मधे दोन हात अंतर. भाऊ म्हणाला, "ताई, दाजींना सांग, गोदामातला दिवा बदलायचाय, उद्या सकाळी येतो."

नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अगं, त्याला सांग, मी इथेच उभा आहे, मला ऐकू आलं."

जपूनताई भावाकडे वळली आणि म्हणाली, "ते इथेच उभे आहेत, त्यांना ऐकू आलं."

दोघे गेले. ती बसून राहिली. त्या दोघांनी वेडेपणा केला तो केला, पण ते वाक्य आपण पुन्हा म्हटलं, अगदी प्रामाणिकपणे, एकही शब्द न गाळता, याची तिला अशी काही चीड आली, की तिने पदर खोचला, काळी चौकट पुढे ओढली आणि लिहिलं: शोध बैल.

एकेचाळीस ओळी आल्या.

ती ओळींकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, एक येईल किंवा एकही येणार नाही. एकेचाळीस. तिने पाठवणाऱ्याचा रकाना वरून खाली बघितला. एकेचाळीसच्या एकेचाळीस तिच्या भावाच्या होत्या. एकदा नव्हे, एकेचाळीस वेळा. याला लहानपणी आपण कडेवर घेऊन फिरलो, याचं नाक पुसलं, आणि हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याला बैल बैल म्हणत होता, तेही कार्यालयीन वेळेत.

तिने सगळ्यात जुनी मेल उघडली.

'विषय: मुख्य दरवाजा. मुख्य दरवाजावरील बैल आजपासून सुरू केली आहे.'

तिने चष्मा काढला, पुसला, घातला. दुसरी उघडली. 'साहेबांच्या केबिनमधील बैल सकाळपासून आपोआप ओरडत आहे. बघून घेतो.' तिसरी: 'दुसऱ्या मजल्यावरील बैल उंदरांनी कुरतडली आहे.' पाचवी: 'जेवणाच्या सुट्टीची बैल दहा मिनिटे उशिरा होत असल्याने कामगारांत नाराजी आहे.' नववीत सर्व विभागांना सूचना होती: 'पाहुण्यांनी बैल एकदाच दाबावी व वाट पाहावी.'

जपूनताईच्या घशातून आधी बारीकसा आवाज आला, कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा. मग ती हसायला लागली. टेबलावर डोकं टेकून हसली, पदराचा बोळा तोंडात घालून हसली. बाहेर आठव्या पायरीवर असलेला चाचणीवाला तिथेच थांबला आणि आवाज कुठून येतोय ते बघायला लागला. त्याला वाटलं, शिडी करकरतेय.

तेविसावी मेल ती होती. तारीख तिच्या रजेच्या आठवड्यातली. 'विषय: गोदाम. गोदामातील बैल काम करत नाही. कितीही दाबले तरी हूं की चूं नाही. आतून गंज चढला आहे. तूर्त काढून ठेवून नवीन बसवावी ही विनंती.'

'नवीन बसवावी,' असं होतं. नवा बसवावा असं नव्हतं. माणूस काय किंवा जनावर काय, बैलाला कोणी 'बसवावी' म्हणत नाही. नऊ वर्षं दोन पानं वाढली ती एका वेलांटीच्या अलीकडे वाचणं थांबलं म्हणून.

तिने एकेचाळीस मेल छापून घेतल्या, गठ्ठ्याला जपून ठेवलेल्या दोऱ्यांपैकी एक दोरा बांधला आणि गोदामात गेली. जाताना भावाला निरोप धाडला, गोदामातल्या दिव्यातून धूर येतोय, ताबडतोब ये.

गोदामात शिड्या आडव्या रचलेल्या असतात, छतापर्यंत. नवरा त्यातल्याच एका खालच्या रचीवर बसून चहा घेत होता. भाऊ धावत आला, दिवा बघितला, ताईकडे बघितलं, आणि परत जायला वळला. जपूनताई दारात उभी राहिली. तिने गठ्ठा नवऱ्याच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं, तेविसावी आधी.

नवऱ्याने पहिलं वाक्य वाचलं आणि कोर्टात पुरावा मिळाल्यासारखी मान वर केली. "हे बघ. लिहिलंय की नाही? लिहिलंय की नाही?"

"पुढे वाचा," ती म्हणाली.

त्याने पुढे वाचलं. 'बसवावी'पाशी अडखळला. तिने त्याला पहिली दिली, दुसरी दिली, पाचवी दिली, नववी दिली. त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. 'पाहुण्यांनी बैल एकदाच दाबावी व वाट पाहावी' इथे तो गेलाच. कपातला चहा शर्टावर सांडला. पण गडी सहजासहजी हार मानणारा नव्हता. शर्ट झटकत म्हणाला, "बरं, मेलचं असो. पण हा तोंडावरही कबूल झाला होता. विचार त्याला."

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा भाऊ थेट त्याच्याशी बोलला. "दाजी, तुम्ही आलात तेव्हा माझं डोकं छताच्या आत होतं. तुम्ही खालून ओरडलात, गोदामातला अमुक काम करत नाही काय? मला ऐकू आलं, बेल."

"मग तू काय म्हणालास ते सांग तिला."

भावाने डोकं खाजवलं. "मी म्हणालो, नाहीच करत. जन्मात कधी नीट केलं नाही. आतून सडलंय सगळं. काढून टाकायला सांगितलंय साहेबांना."

नवऱ्याने कप शिडीच्या रचीवर हळूच ठेवला. मग त्याने विचारलं, की बेलला दोन मात्रा कोणत्या शहाण्याने शिकवल्या. भाऊ म्हणाला, इंग्रजी शब्दाला दोन मात्रा द्यायच्या असतात असं त्याला वाटत होतं; मराठी शब्दाला एक पुरते. नवरा म्हणाला, शाळेत गेला होतास की नुसता शाळेचे दिवे दुरुस्त करून आलास? भाऊ म्हणाला, मला लिहिता येत नाही हे कबूल, पण तुम्हाला दुसरी ओळ वाचता येत नाही त्याचं काय? चार ओळींची मेल, दाजी. चार. तिथून दोघांची जी जुंपली ती अशी, की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. माफी आधी कोणी मागायची, सायकलचा पंप कोणाकडे राहिला, सासूबाईंच्या ऑपरेशनला डबा कोणी नेला नाही, सगळं निघालं.

जपूनताई थोडा वेळ उभी राहिली. सवयीने तिने दोनदा तोंडही उघडलं, याचं त्याला सांगायला. पण कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मग ती खोलीत परत आली, खुर्चीत नीट बसली आणि स्वतःचा चहा गरम असतानाच प्यायली.

साहेबांकडे ती मेल तेव्हा गेली होती, पण सगळ्यांनी ती टोमणा समजून हसण्यावारी नेली, त्यामुळे गोदामाची बेल कोणी बदललीच नव्हती. नऊ वर्षं मालाचे ट्रकवाले येऊन शटरवर पाना आपटत होते आणि नवरा त्यांना उद्धट समजत होता. भावाने दुसऱ्या दिवशी नवी बेल बसवली. ती इतकी मोठ्याने वाजली की नवरा म्हणाला, हिला खरंच बैल म्हणायला हरकत नाही. त्या रविवारी तिघे एकदम जेवायला बसले. दोघे भांडत भांडत जेवले, आणि न्हाव्याने दुपारी फोन करून विचारलं, की सगळं ठीक आहे ना, आज साहेब पेपर वाचायला आले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना, बुधवारी नवरा तिच्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. जरा वेळ टेबलावरची टाचणी फिरवत बसला. मग म्हणाला, "ऐक ना. त्या वेळी मीही त्याला एक उत्तर लिहिलं होतं. जरा लांब होतं. ते तुझ्या चौकटीत असेल का?"

जपूनताईने फ्रॉम लिहिलं, विसर्ग दिला, नवऱ्याचं नाव घातलं, रजेच्या आठवड्याची तारीख टाकली. दोन ओळी आल्या. पहिली त्याचं उत्तर. चार पानांचं. दुसरी त्यानंतर दोन मिनिटांनी, पत्ता चुकीचा असल्याने आपले पत्र परत येत आहे अशी. संतापात त्याने मेव्हण्याच्या पत्त्यातलं एक अक्षर गाळलं होतं.

नवऱ्याने ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे त्याला ते मिळालंच नाही?"

"नाही."

"मला इतकी वर्षं वाटत होतं, काय निगरगट्ट माणूस आहे. एवढं लिहिलं तरी उत्तर नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काढून टाक ना ते. मेहरबानी कर."

ती म्हणाली, काढता येतं की नाही ते तिला माहीत नाही. बाईंनी फक्त शोधायला शिकवलंय.

"मग उद्या कोणी शोधलं तर?"

"कोणी नाही शोधणार. 'विजेच्या खांबावरचा कृतघ्न कावळा' असं कोण कशाला शोधायला जाईल?"

नवऱ्याने मान वर केली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तू वाचलंस ते."

"परवाच वाचलं," जपूनताई म्हणाली. "चारही पानं. मधे थोडं लांबलंय, पण कावळ्याचा भाग चांगला उतरलाय."

तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथे थांबून त्याने विचारलं, की कावळ्याच्या पुढे वटवाघळाचंही होतं, ते कसं वाटलं.